लताचा काना

लता चुडामण बेडसे हिच्या सहीखाली कार्बन ठेवायची गरज पडत नाही. 'लता' लिहिताना शेवटचा काना ती एवढ्या जोरानं ओढते की खालच्या दोन कागदांवरही सही उमटते. भुसावळजवळच्या वीजकेंद्रात ती इंजिनिअर आहे. तिथले कारकून तिच्यापुढे कागद ठेवताना आधी खाली पुठ्ठा सरकवतात, असं तिनंच मला सांगितलं आणि सांगताना स्वतःच हसत सुटली. त्या कान्याला जबाबदार मी आहे. गुन्हेगार म्हणा हवं तर, मी चिडणार नाही.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. धुळ्याबाहेरच्या माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं. ज्याच्या पोराला तिथं प्रवेश मिळाला त्याच्या गावात पेढे वाटले जायचे, आणि ज्याच्या पोराला नाही मिळाला तो म्हणायचा, "तिथं काही खरं नसतं." जळगावच्या डॉक्टरांची पोरं, जिनिंगवाल्यांची पोरं आणि मधूनमधून आमच्यासारखी मार्कांच्या जोरावर घुसलेली खेड्यातली, असं ते कॉलेज. सगळेच मान ताठ करून चालायचे. अशा ठिकाणी बातम्या किती पिकत असतील! त्या वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही तिघांनी 'बठ्ठं' काढलं.

बठ्ठं म्हणजे अहिराणीत सगळं. एकच कागद, पाठपोट, सायक्लोस्टाइल केलेला, दर दुसऱ्या शनिवारी सकाळी कॅन्टीनच्या टेबलांवर, लायब्ररीच्या रजिस्टरात आणि सायकलींच्या कॅरियरवर आपोआप प्रगट होणारा. मेसच्या डाळीत गुरुवारी डाळ सापडल्याची बातमी त्यात असायची. रेक्टरांच्या मिशा रविवारी पांढऱ्या आणि सोमवारी काळ्या कशा, याची चौकशी असायची. ड्रॉइंग हॉलमध्ये एकाच टी-स्क्वेअरवर कोणाकोणाचे हात दिसले हेही असायचं. आणि सगळं अहिराणीत! प्राचार्य कोल्हापूरकडचे, निम्मे प्राध्यापक पुण्याचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही आणि आम्हाला त्याचाच कोण आनंद.

लीलाधर चोपड्याचा. त्याचे कान एवढे तयार की मेसमध्ये शेजारच्या टेबलावर कोणी कुजबुजलं तरी त्याचा घास थांबायचा. गनी धुळ्यातलाच, त्याच्या चाचाचं म्हणजे नूर महंमद यांचं कोर्टाजवळ टायपिंग-सायक्लोस्टाइलचं दुकान होतं, तिथं आमचा कागद निघायचा. आणि मी छगन, लिहिणारा. आमचा एकच नियम होता, नाव छापायचं नाही. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याचंही नाही आणि लिहिणाऱ्याचं तर नाहीच. आम्ही याला आमची शैली म्हणायचो. भित्रेपणाला दुसरं नाव ठेवलं की किती बरं वाटतं!

आता स्टेन्सिलचं थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. स्टेन्सिल म्हणजे मेण चढवलेला पातळ कागद. लोखंडी टोकाच्या लेखणीनं त्यावर लिहायचं. जिथं मेण फुटतं तिथून शाई झिरपते आणि अक्षर छापलं जातं. मेण नुसतं खरवडलं, फुटलं नाही, तर लिहिणाऱ्याला वाटतं लिहिलंय, पण कागदावर काहीच उमटत नाही. म्हणून जोर लावावा लागतो. माझा हात हलका. लेखणी टेकवली की पुढं पळायची घाई.

त्या शुक्रवारी लीलाधर दुकानात आला तोच नाचत. कॉलेजमधल्या परीक्षेचा निकाल आदल्या दिवशीच लागला होता. "छगन, पयलं पान खाली कर," तो म्हणाला, "बॉम्ब शे बॉम्ब!" परीक्षा विभाग सांभाळणारे मोतीलाल सर, त्यांचा मुलगा आमच्याच वर्षाला होता. हॉटेलात शेवभाजी खाता खाता त्यानं मित्रांना फुशारकीनं सांगितलं की मेकॅनिक्सचा पेपर त्याला दोन दिवस आधीच मिळाला होता, बापाच्या बॅगेतून, आणि बापाला पत्ताही नाही. लीलाधर मागच्याच बाकावर पाठमोरा बसून ऐकत होता.

माझ्या अंगात वारं शिरलं. असली बातमी पुन्हा मिळणार होती का? मी लेखणी उचलली आणि मोठ्या अक्षरांत मथळा काढला: "आंडोरले पेपर भेटना, बापले खबर नही!" आंडोर म्हणजे मुलगा, भेटना म्हणजे मिळाला. नाव लिहायची गरजच नव्हती. पेपर सांभाळणारा बाप आणि कॉलेजात शिकणारा मुलगा, अशी जोडी कॉलेजात एकच. तेवढ्यात नूर महंमद यांनी घड्याळ बघितलं. जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली होती. "जल्दी करो बच्चो, शटर गिराना है," ते म्हणाले. मी उरलेलं भराभर ओढलं, गनीनं हँडल फिरवलं, दीडशे प्रती निघाल्या आणि आम्ही त्या तपासल्याही नाहीत. उत्साहात कोण तपासतं?

शनिवारी अकरा वाजेपर्यंत कॉलेज पेटलं होतं. मी कॅन्टीनमध्ये भोळा चेहरा करून, ऐटीत चहा पीत बसलो होतो. लीलाधर धावत आला, त्याचा चेहरा पांढरा पडलेला. "बठ्ठा लताबद्दल बोली राहिनात," तो म्हणाला.

"कोण लता?"

त्यानं कागद माझ्यापुढे आपटला. मी वाचलं आणि चहा खाली ठेवला. तिथं छापलं होतं: "आंडेरले पेपर भेटना, बापले खबर नही!" डो मधला काना उमटलाच नव्हता. वरची मात्रा तेवढी उमटली होती. आंडोरचं आंडेर झालं होतं, आणि आंडेर म्हणजे मुलगी.

पेपरशी संबंध असलेला बाप आणि कॉलेजात शिकणारी मुलगी, अशीही जोडी कॉलेजात एकच होती. चुडामणभाऊ कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर होते. बारा वर्षांपूर्वी साक्रीकडून आलेला माणूस. सगळे प्रश्नपत्रिकांचे कागद त्यांच्याच हातून निघायचे. खोली आतून बंद करून ते मशीन चालवायचे आणि काम संपलं की सरांसमोर स्टेन्सिल काडी लावून जाळायचे. राखसुद्धा पायानं मिसळून टाकायचे. त्यांची मुलगी लता. कॉलेजात मुली मोजून सात, त्यातली ही एक, आणि मेकॅनिक्सला ती कॉलेजात पहिली आली होती.

आता सांगा, कोणाला शंका आली नसती?

ऑफिसातल्या हेडक्लार्कनं मथळ्याचं शुद्ध मराठी करून प्राचार्यांना दिलं. सोमवारी चुडामणभाऊंकडून मशीनच्या खोलीची किल्ली काढून घेतली. लताचा निकाल रोखला. बुधवारी चौकशी, आणि आरोप खरा ठरला तर लताचं नाव कॉलेजातून कमी होणार, अशी नोटीस फळ्यावर लागली. चौकशी करणार कोण, तर प्राचार्य आणि मोतीलाल सर! मी ती नोटीस वाचली आणि माझ्या पाचावर धारण बसली. आम्ही तिघे वसतिगृहाच्या गच्चीवर जमलो. लीलाधर म्हणाला, पुढच्या अंकात दुरुस्ती टाकू. पुढचा अंक दहा-बारा दिवसांनी. गनी म्हणाला, आपण तर कोणाचंच नाव घेतलेलं नाही. मला लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटत होती. हे मी आज कबूल करतो, तेव्हा केलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी आम्ही नूर महंमद यांच्या दुकानात स्टेन्सिल मागायला गेलो होतो. फाडून टाकायला, दुसरं कशाला! चाचा स्टेन्सिल फेकत नसत. पतपेढीवाले, लग्नपत्रिकावाले पुन्हा प्रती मागायला येतात म्हणून ते प्रत्येक स्टेन्सिल जुन्या वर्तमानपत्रात टिपून, दोरीवर चिमटा लावून टांगायचे. मी दोरीकडे हात केला आणि मागून आवाज आला, "हाई मशीन कोनं शे?"

दारात लता उभी. एका हातात 'बठ्ठं', दुसऱ्या हातात कुठल्याशा सोसायटीची सभेची नोटीस. तिनं दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींच्या डाव्या कडेला शाईचे तीन बारीक ठिपके होते, एकाखाली एक.

"धुळ्यात पाच मशीनं आहेत," ती म्हणाली. आता आमच्याशी ती शुद्ध बोलत होती, म्हणजे राग पोटात दाबलेला होता. "दोन दिवस पाचही ठिकाणी हिंडले. प्रत्येक मशीनचा एक डाग असतो. आबांनी मला तिसरीत असताना शिकवलंय. हे तीन ठिपके तुमच्या रोलरचे आहेत."

नूर महंमद यांनी चष्मा वर केला, ठिपके बघितले आणि चक्क खूश झाले. "वाह बेटी! बीस साल से ये रोलर चला रहा हूँ, ये ठिपके मैंने खुद नहीं देखे."

"मला स्टेन्सिल बघायची आहे," लता म्हणाली. "हे बघा. आंडेर. ड आणि र यांच्यामध्ये जागा किती सुटलीय. एवढी जागा कोणी उगाच सोडत नाही. इथं काहीतरी होतं."

दीडशे प्रती कॉलेजभर फिरल्या, शेकडो लोकांनी चवीनं वाचल्या, पण ती मोकळी जागा फक्त हिला दिसली होती. मी मुकाट्यानं चिमटा काढला आणि स्टेन्सिल तिच्या हातात दिली. ती दारात गेली, उन्हासमोर तिनं स्टेन्सिल धरली आणि डोळे बारीक केले. आम्ही चौघे तिच्या मागे माना उंचावून उभे होतो. बाकीच्या अक्षरांतून ऊन आरपार येत होतं. ड च्या पुढं मेणावर एक उभा, फिकट ओरखडा होता. त्यातून ऊन येत नव्हतं.

"सापडना!" ती ओरडली. रस्त्यावरचा टांगेवालासुद्धा वळून बघू लागला. "काना सापडना! पाडेल शे, पन फुटेल नही!"

काना सापडला होता, ओढलेला होता, फक्त मेण फुटलं नव्हतं. ती तिथल्या तिथे उडी मारते की काय असं वाटलं. मलाही ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. माझ्या बोटांवर शाई होती.

"कोनी लिखं?"

"मी," मी म्हणालो.

"नाव?"

"छगन."

तिनं ते नाव दोनदा पुटपुटलं. "छगन. ना काना, ना मात्रा. म्हणूनच तुला कान्याची किंमत नाही. माझ्या नावातला काना काढून बघ काय उरतं."

लत. मी मनातल्या मनात काढून बघितला आणि मान खाली घातली.

पुढचा तासभर जो गेला तसा तास माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही. सगळी सूत्रं तिनं हातात घेतली. आधी तीच स्टेन्सिल, जशी होती तशी, मशीनवर चढवून एक प्रत काढायला लावली. आंडेर. मग स्टेन्सिल उतरवली, काचेवर पसरली, माझ्या हातातून लेखणी घेतली आणि त्या ओरखड्यावर टोक टेकवून एका दमात खाली ओढली. मेण फुटल्याचा बारीक आवाज आला. पुन्हा मशीन, पुन्हा हँडल. आंडोर! दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून तिनं उन्हात धरले. प्रत्येक अक्षर अक्षरावर बसत होतं, ठिपके ठिपक्यांवर बसत होते, फरक फक्त एका कान्याचा. गनीनं टाळी वाजवली. चाचा 'सुभानल्ला' म्हणाले.

"आता खाली नाव लिही," ती मला म्हणाली.

"कोणाचं?"

"संपादकाचं. बिननावाच्या कागदानं माझ्यावर आरोप केला. बिननावाच्याच कागदानं मला सोडवलं तर प्राचार्य म्हणतील, हिनंच घरी बसून खरडला. पेपर आंडोरला मिळाला असं म्हणणारा माणूस हवा."

लीलाधर माझ्या कानाशी लागला, "येडा व्हई गया का? काढी टाकतीन कॉलेजमधून." त्याचं खोटं नव्हतं. माझे वडील जीवराम गावात सगळ्यांना सांगत फिरत होते की पोरगा इंजिनिअर होतोय. मी लेखणी धरून उभा राहिलो. लता फक्त नोटीस बोर्डावर लागलेल्या आपल्या नावासाठी उभी होती आणि मी माझं नाव लपवायला आलो होतो. मी वाकलो आणि लिहिलं: संपादक, छगन जीवराम. एवढा जोर लावला की जी मधल्या वेलांटीपाशी स्टेन्सिल जराशी फाटली. लीलाधरनं आमच्या दोघांकडे बघितलं, अहिराणीतली एक सणसणीत शिवी हासडली आणि लेखणी हिसकावून घेतली. त्याच्या नावातच वेलांटी आहे, काना आहे, त्यामुळे त्याला 'छगन'पेक्षा जास्त वेळ लागला. गनीही पुढे झाला, पण लतानं त्याला थांबवलं. "तुझ्या चाचांचं दुकान आहे." चाचा म्हणाले, "मेरी सही तो हो चुकी, तीन ठिपके." मग आंडोरची प्रत नावांसकट पुन्हा काढली.

बुधवारी सकाळी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघं उभे राहिलो, लता, मी आणि लीलाधर. टेबलापलीकडे प्राचार्य आणि मोतीलाल सर. दाराशी हेडक्लार्क, आणि त्याच्या मागे भिंतीला टेकून चुडामणभाऊ. तीन दिवसांत ते वाळल्यासारखे दिसत होते. त्यांनी लताकडे बघितलं नाही, लतानंही त्यांच्याकडे बघितलं नाही. काहीतरी झालं होतं त्या दोघांत, पण ते काय हे मला तेव्हा कळलं नाही.

लतानं दोन कागद आणि स्टेन्सिल टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. जागा, ओरखडा, तीन ठिपके. प्राचार्य उठून खिडकीशी गेले, कागद एकावर एक धरले, पुन्हा धरले.

"आंडोर म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"मुलगा, साहेब," हेडक्लार्क म्हणाला.

"कोणाचा मुलगा?"

मी म्हणालो, "सर, आम्ही नावं छापत नाही."

"तुमची तर छापलीत!"

मग मी सांगितलं. शेवभाजीचं हॉटेल, बॅग, सगळं. लीलाधरनं तारीखवार दुजोरा दिला. मोतीलाल सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कडक माणूस, पण खोटा नव्हता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठले आणि म्हणाले, "ही चौकशी मी करू शकत नाही. मला खरंच खबर नव्हती." आमच्या मथळ्याचा दुसरा अर्धा भाग त्यांनी स्वतः खरा केला होता. ते घरी गेले आणि दुपारी मुलाला हाताला धरून घेऊन आले. मेकॅनिक्सचा पेपर सगळ्यांचा पुन्हा झाला. लता पुन्हा पहिली आली, दोन मार्क जास्त घेऊन! आम्हा दोघांना वसतिगृहातून सहा महिने बाहेर काढलं, आणि 'बठ्ठं' काढायचं असेल तर खाली नावं घालून काढा, असं प्राचार्यांनी बजावलं. पुढची दोन वर्षं संपादक म्हणून पहिलं नाव लताचं होतं. मला तिनं पहिल्या आठवड्यात नुसते काने काढायला बसवलं होतं.

पण त्या खोलीतलं शेवटचं सांगायचं राहिलं.

प्राचार्यांनी खणातून किल्ली काढून चुडामणभाऊंपुढे धरली. त्यांनी किल्ली घेतली नाही. ते टेबलाशी आले, स्टेन्सिल उचलली आणि खिडकीशी जाऊन उन्हात धरली. बारा वर्षं ज्यानं हजारो स्टेन्सिली अशा धरल्या होत्या तो माणूस त्या एका कान्याकडे बघत राहिला. मग वळला.

"साहेब, शनवारले हाई कागद मीबी वाचना," ते म्हणाले. "ही जागा माले दिखाले पाहिजे व्हती. मन्हं कामच ते शे. पन मी जागा देखी नही. मी घर गया आनि पोरले इचारं, तू पेपर देखा व्हता का?"

आता ते लताकडे बघत होते.

"मी चुकनू, माय."

लताला चार दिवसांत कोणी रडताना बघितलं नव्हतं. तिथं ती रडली, तोंडावर ओढणी न घेता, सगळ्यांसमोर. हेडक्लार्क नाक ओढू लागला. चुडामणभाऊ गोंधळले आणि गोंधळलेला माणूस सवयीचं काम करतो तसं त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. काम संपलं की स्टेन्सिल जाळायची, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक.

लतानं काडेपेटी काढून घेतली. "आबा, हाई जाळू नका."

गेल्या दिवाळीत मी भुसावळला तिच्या क्वार्टरवर गेलो होतो. चुडामणभाऊ आता तिथंच असतात. बैठकीच्या खोलीत खिडकीच्या दांड्याला, दोन काचांमध्ये बसवलेली ती स्टेन्सिल टांगलेली आहे, सकाळचं ऊन बरोबर तिच्यातून येतं. घरात कोणीही पाहुणा आला की चुडामणभाऊ त्याला हाताला धरून तिथं नेतात आणि बोट टेकवतात. मलाही नेलं. लिहिणारा मीच होतो हे त्यांना पक्कं ठाऊक असूनही नेलं.

"हाऊ देख, हाऊ काना," ते म्हणाले. "पोरनी दुपारमा शोधी काढा. आनि मी, बाप, घरमा पोरवर भरोसा ठेवाले इसरी गयथू."

"आबा, दहा वरीस व्हयनात," आतून लताचा आवाज आला. "पुरे आते. चहा थंडा व्हई राहिना."